वाळवंटातलं दुसरं अक्साई चीन

यिनच्वान ही चीनमधल्या निंग्शिया या स्वायत्त प्रदेशाची राजधानी. तिथून पस्तीसेक किलोमीटर नैऋत्येला हुआंगयांगतान नावाचं गाव आहे. भोवती सपाट, करडी, रखरखीत जमीन. 2006 च्या उन्हाळ्यात जर्मनीतला एक हौशी माणूस घरच्या संगणकावर गुगल अर्थ उघडून या भागावरून भटकत होता. त्या सपाटीत त्याला एकाएकी बर्फाची शिखरं दिसली. शिखरं, दऱ्या, निळी सरोवरं, नद्यांच्या रेघा, आणि हा सगळा हिमालयी थाट एका आखीव आयतात बसवलेला. शेजारी लाल छपरांच्या बराकी आणि ओळीने उभे हिरवट ट्रक.

आयत साधारण 900 मीटर लांब आणि 700 मीटर रुंद. आपल्या दादरच्या शिवाजी पार्कसारखी पाच मैदानं त्यात मावतील. हा डोंगराळ मुलूख कुठला, याचा शोध सुरू झाला. सरोवरांचे काठ आणि डोंगरांच्या धारा खऱ्या प्रदेशांशी ताडून पाहता पाहता उत्तर मिळालं: अक्साई चीन आणि त्याच्या आसपासचा भाग. खरा प्रदेश 450 किलोमीटर गुणिले 350, म्हणजे प्रतिकृतीचं प्रमाण एकास पाचशे. खरं अक्साई चीन तिथून दोन हजारांहून जास्त किलोमीटर पश्चिमेला. भारत ज्यावर हक्क सांगतो आणि चीनच्या ताब्यात आहे, तो हाच सुमारे 38,000 चौरस किलोमीटरचा मुलूख.

दिवाळी अंक हातात असलेल्या वाचकाला हे समजवायला मोठी उपमा नको. अंगणात माती कालवून, गोणपाट पसरून, हळीव पेरून आपण किल्ला करायचो, तेच हे काम. फरक इतकाच, की आपण सिंहगड किंवा राजगड आठवणीतून करायचो, आणि इथे लष्कराने मोजून केलेला. उंचीलाही तेच प्रमाण लावलं असेल तर किलोमीटरभर चढ इथे दोन मीटरचा होतो, माणसाच्या डोक्याहून थोडा वर.

ही युक्ती नवी नाही. इसवी सन 32 मध्ये मा युआन या हान सेनापतीने बादशहापुढे तांदळाच्या राशी मांडून डोंगरदऱ्या दाखवल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, 1668 पासून, सरहद्दीवरच्या तटबंद शहरांच्या लाकडी प्रतिकृती होऊ लागल्या. त्यातल्या बऱ्याचशा एकास सहाशे प्रमाणाच्या. पॅरिसच्या इनव्हॅलिदमध्ये आजही त्या पाहता येतात. हुआंगयांगतानच्या प्रतिकृतीचं वेगळेपण एवढंच, की ती छताखाली नव्हती.

मला मात्र यात दुसरीच गोष्ट जास्त टोचते. अक्साई चीनमधून शिनजियांग-तिबेट रस्ता चीनने बांधला, हे भारताला कळलं ते 1957 साली, रस्ता होत आल्याच्या बातम्या चिनी वर्तमानपत्रांत आल्यावर. पुढच्या वर्षी खातरजमेसाठी दोन गस्ती तुकड्या पाठवल्या, त्यातली एक चिन्यांनी पकडली. आपल्याच म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीवरचा खरा रस्ता परक्या वर्तमानपत्रातून कळावा, आणि त्याच जमिनीची मातीची प्रतिकृती एका जर्मन हौशी माणसाकडून!

आता ती कशासाठी? वैमानिकांना मुलूख ओळखीचा व्हावा म्हणून, अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी, असे तर्क झाले. मला दुसरा जास्त पटतो, कारण शेजारी बराकी आणि ट्रक आहेत. पण हा तर्कच. वरून आकार दिसतो, हेतू दिसत नाही.

हे मी स्वतःच्या फजितीवरून शिकलो. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला नकाशावर मला लांबच लांब, अरुंद, एकमेकांना समांतर छपरं दिसली. कारखाना म्हणावा तर धुराडं नाही. कोंबड्यांची शेडं म्हणावीत तर इतकी सगळी? दोन रात्री मी गोदामं, छावण्या, काय काय रचलं. शेवटी मामांना फोटो पाठवला. ते फोनवर हसतच सुटले. "आरं, बेदाण्याची शेडं हाईत ती! द्राक्षं वाळवायची रॅक." आत जाळीचे कप्पे एकावर एक, बाजूला हिरवी शेडनेट, औषध मारलेले घड पंधरवड्याभरात वाळतात. तासगावच्या पोराला हे विचारावंही लागलं नसतं.

2011 मध्ये गोबीच्या वाळवंटात, तुनह्वांगच्या परिसरात, वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघांची जाळी सापडल्यावर जगभर असाच गोंधळ उडाला. शहराचा नकाशा काय, परग्रहवासी काय! मंगळाच्या छायाचित्रांवर काम करणाऱ्या जोनाथन हिल या अमेरिकन तंत्रज्ञाने साधं उत्तर दिलं: हेरगिरीच्या उपग्रहांचे कॅमेरे जुळवून घेण्यासाठी आखलेल्या त्या खुणा असाव्यात. अमेरिकेने हेच साठच्या दशकात अ‍ॅरिझोनात कासा ग्रँडेजवळ केलं होतं. मैला-मैलावर काँक्रीटच्या सुमारे 18 मीटरच्या फुल्या, कोरोना नावाच्या गुप्त उपग्रहांसाठी. कोरोनाची फिल्म पॅराशूटने खाली यायची आणि विमान ती हवेतल्या हवेत आकड्याने झेलायचं. त्या कॅमेऱ्यांची सांकेतिक नावं 'की होल' या शब्दावरून होती, आणि गुगलने 2004 साली विकत घेऊन जिच्यातून गुगल अर्थ घडवलं त्या कंपनीचं नावही कीहोलच. कुलुपाच्या भोकाला डोळा लावायची सोय सगळ्यांना झाली, एवढंच.

कधी उलटंही होतं. सान दिएगोजवळच्या कोरोनाडो नौदल तळावर साठच्या दशकाअखेरीस इंग्रजी एल आकाराच्या चार इमारती बांधल्या. वरून बघितलं की नाझींचं स्वस्तिक. जमिनीवरून कुणाला खटकलं नव्हतं. घरोघरी उपग्रहचित्रं पोचल्यावर बोभाटा झाला आणि 2007 मध्ये नौदलाने आकार मोडण्यासाठी सहा लाख डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दाखवली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. शिनजियांगमध्ये झाकल्यामुळेच मूठ सापडली. बायडू या चिनी नकाशावर काही ठिकाणी झूम केलं की चित्र जाऊन फिकट करडा चौकोन यायचा. आणखी जवळ गेलं की चौकोनही गायब. वास्तुरचनाकार अ‍ॅलिसन किलिंग, पत्रकार मेघा राजगोपालन आणि प्रोग्रॅमर क्रिस्टो बुशेक यांनी उइघुर मुस्लिमांना कोंडलेल्या, आधी माहीत असलेल्या बंदीशाळा या नकाशावर तपासल्या. तिथेही तेच चौकोन. मग त्यांनी लाखो चौकोन चाळले, गावं आणि रस्त्यांजवळचे निवडले, आणि त्याच जागा दुसऱ्या कंपन्यांच्या उपग्रहचित्रांत पाहिल्या. सावलीवरून भिंतींची उंची, कोपऱ्यांवरचे मनोरे, काटेरी तारांच्या वाटा. इमारत वाचायला इमारती काढणाऱ्याचाच डोळा लागतो. 2017 पासून उभ्या राहिलेल्या 260 हून अधिक तटबंद वास्तू त्यांनी नोंदवल्या. चीन त्यांना व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं म्हणत होता. राजगोपालन यांचा व्हिसा चीनने आधीच नाकारलेला, म्हणून त्यांनी कझाकस्तान गाठलं आणि शिनजियांगच्या बंदीशाळांतून सुटून तिथे आलेल्या माणसांना आत काय होतं ते विचारलं. माझ्या मते त्या कामाचं खरं वजन या मुलाखतींत आहे. चित्रांनी फक्त पत्ता दिला. 2021 चं पुलित्झर पारितोषिक या कामाला मिळालं.

गुगल अर्थ आलं 2005 च्या जूनमध्ये. ऑक्टोबरात राष्ट्रपती डॉ. कलाम यांनी हैदराबादला पोलीस अधिकाऱ्यांसमोर चिंता व्यक्त केली, की अशी स्पष्ट चित्रं अतिरेक्यांच्या हाती पडतील. चिंता रास्तच होती. पण पुढच्याच उन्हाळ्यात याच चित्रांनी अक्साई चीनचा तो मातीचा किल्ला आपल्यापुढे ठेवला.

सुट्टीत वेळ असेल तर स्वतः बघा: 38 अंश 16 मिनिटं उत्तर, 105 अंश 57 मिनिटं पूर्व. काळपट्टी मागे सरकवून जुनी चित्रं आधी उघडा.