पाणी आत येणारच, ते बाहेर जातंय का बघा

पावसाळा जवळ आला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न: "दादा, ट्रेकला वॉटरप्रूफ बूट घेऊ का?" उत्तर देण्याआधी माझी स्वतःची फजिती सांगतो.

सांधण दरी. साम्रद गावाजवळची ती अरुंद, खोल घळ. भर पावसात तिथे कुणी उतरत नाही, कारण घळीतून पाणीच वाहत असतं. पण पावसाळा संपल्यावरही आत डोह उरतात आणि त्यातून गेल्याशिवाय वाट नाही. मी ऐटीत महागडे वॉटरप्रूफ बूट घालून गेलेलो. डोहात पाणी कमरेपर्यंत. बुटाला वरून भलंमोठं तोंड असतं हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पाणी वरून आत शिरलं, आणि जो थर पाणी आत येऊ देत नाही, तो बाहेर तरी कसं जाऊ देणार? पुढचे तीन तास पायात दोन बादल्या घालून धोंड्यांवरून उतरलो. दोन्ही टाचा सोलल्या. आमच्याबरोबरचा गावातला पोरगा मात्र भोकं असलेल्या प्लास्टिकच्या बुटांत टुणटुण पुढे. पावसाळ्यात शेतात घालतात ना, तेच स्वस्तातले.

तेव्हापासून मी दुकानात बूट आधी उलटा करतो. तळाला किंवा कडेला पाणी निघायला भोकं आहेत का? वरचा भाग जाळीचा आहे का? आत जाड फोम असेल तर तो स्पंजसारखं पाणी धरून बसतो, असा जोड सोडून द्या.

मग सोल. यात लोक फसतात. खोल खाचा दिसल्या की आपल्याला वाटतं भारी ग्रिप. खाचा चिखलासाठी ठीक, पण ओल्या कातळावर कामाला येतं ते मऊ रबर. अंगठ्याचं नख दाबून बघा, किंचित रुतलं पाहिजे. नुसत्या फोमच्या सोलचे बूट हलके असतात, पण ओल्या दगडावर सटकतात. आणि शेवाळावर तर कुठलाच सोल टिकत नाही, हे लिहून घ्या. कातळावर हिरवट चकाकी दिसली की शेजारचा खरखरीत भाग शोधायचा. ओढ्याला गुडघाभर, जोराचं पाणी असेल तर ओलांडायचं नाही. तिथे बुटाचा प्रश्नच येत नाही.

"मग फ्लोटर्स चालतील का?" चालतात, मागे पट्टा असेल तर. साधी चप्पल ओढ्यात कधी वाहून जाते कळतही नाही. पण बोटं उघडी राहतात आणि दर दहा पावलांनी खडा काढत बसावं लागतं. कोकणात समुद्राकाठच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी कापते. म्हणून माझं मत पुढून बंद बुटालाच. मोज्यासारखे पातळ बीचवाले शूज होडीत, वाळूत मस्त. दोन तास दगडांवर चाललात तर प्रत्येक दगड तळपायाला मोजता येईल.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. टाच उचलली जायला नको आणि उतारावर बोटं पुढे आदळायला नकोत. ओला पाय आत जास्तच सरकतो. मोजे सुती नकोत, पातळ सिंथेटिक घ्या.

घरी आल्यावर बूट गोड्या पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवलेत तर गोंद सुटतो. आणि माळ्यावर चार वर्षं पडलेला जोड थेट ट्रेकला नेऊ नका! दमट हवेत काही सोल आतल्या आत कुजतात, वरून छान दिसतात आणि वाटेत चुरा होतो. आधी आठवडाभर गल्लीत घालून फिरा.

माझा सध्याचा जोड आत्ता खिडकीच्या ग्रिलला लटकतोय. अजून थोडा वास येतोय, घरच्यांची बोलणी चालू आहेत.