शाळेच्या कपाटाची किल्ली

पेण म्हटलें कीं आमच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना गणपतीच्या मूर्ति आणि पापड आठवतात. रोहें म्हटलें कीं कुंडलिकेचा कांठ आणि धावीर महाराजांची पालखी. ह्या दोन गांवांच्या दरम्यान, नागोठण्याच्या आसपास डोंगराच्या पायथ्याशीं ज्या लहान लहान प्राथमिक शाळा आहेत, त्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. तशाच एका शाळेंत गेल्या वर्षीं श्रावणांतल्या एका शनिवारीं सकाळीं जाण्याचा योग आला. तेथें जें पाहिलें तें मनांतून जाईना, म्हणून हा लेख.

शाळा दोन खोल्यांची. पुढें पडवी, पडवीसमोर भाताचें खाचर. शिक्षक दोघे, एक गुरुजी व एक बाई. त्यामुळें प्रत्येकाच्या वांट्यास दोन दोन वर्ग एकदम येतात. प्रार्थना आटोपली, हजेरी झाली, आणि बाईंनीं आपल्या पिशवींतून एक किल्ली काढून चौथींतल्या एका मुलीच्या हातावर ठेवली. त्या मुलीनें कोपऱ्यांतलें लोखंडी कपाट उघडलें, आणि दोघी-तिघी मैत्रिणींच्या मदतीनें पडवीच्या खांबांना बांधलेल्या सुतळीवर एकेक पुस्तक मधोमध उघडून टांगलें. घरीं कपडे वाळत घालावे तसें! पांच मिनिटांत सगळी पडवी रंगीबेरंगी दिसूं लागली. लहान मूल पुस्तक निवडतें तें मुखपृष्ठ पाहून. कपाटांत पाठमोऱ्या उभ्या असलेल्या पुस्तकांकडे तें ढुंकूनहि पाहत नाहीं. ही गोष्ट बाईंना अनुभवानें कळली होती.

पुढचा एक तास वाचनाचा. मोठीं मुलें आपापलें पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसलीं. पहिली-दुसरीच्या मुलांना बाईंनीं भोंवतीं घेतलें व चित्रें दाखवीत एक गोष्ट मोठ्यानें वाचली. पान उलटण्यापूर्वीं त्या थांबत आणि विचारीत, "आतां पुढें काय होईल?" मग जो गलका होई तो ऐकण्यासारखा होता. एका मुलानें मात्र ह्या घोळक्यांत न बसतां हत्तीचें एक पुस्तक धरून ठेवलें होतें. बाई म्हणाल्या, सलग चौथ्या शनिवारीं त्यानें तेंच पुस्तक घेतलें आहे. माझ्या मनांत आलें, ह्याला दुसरें कांहीं द्यावयास नको काय? बाईंना तें उमगलें असावें. त्या म्हणाल्या, "राहूं द्या. पहिल्या आठवड्यांत तो नुसतीं चित्रें बघत होता. आतां गोष्ट पाठ झाली आहे, म्हणून शब्दाखालीं बोट ठेवून म्हणतो. आणखी दोन शनिवारांनीं तो वाचूं लागेल."

ह्या एका वाक्यांत सर्व मर्म आलें. अक्षराला अक्षर जोडून वाचणाऱ्या मुलाची सारी शक्ति अक्षरें ओळखण्यांतच खर्च होते; जोडाक्षर आलें कीं मागचा शब्द विसरतो, आणि वाक्य संपेपर्यंत अर्थ हातांतून निसटतो. गोष्ट आधींच ओळखीची असेल तर हा भार हलका होतो. त्यांतून ह्या भागांतील मुलांची अडचण निराळी आहे. पेणच्या खारपट्टींतलें मूल घरीं आगरी बोली बोलतें, डोंगराकडच्या वाडीवरचें मूल कातकरी किंवा ठाकरी बोलतें, आणि पाठ्यपुस्तक बोलतें प्रमाण मराठी. आमच्या घरांतील मूल हीच पुस्तकी भाषा आजोबांच्या तोंडून, वर्तमानपत्रांतून, कीर्तनांतून शाळेंत जाण्याआधींच ऐकत असतें. आणि मग आम्ही त्याच्या हुशारीचें कौतुक करतों. वाडीवरच्या मुलाच्या कानांवर ती भाषा पडावी कोठून? दर शनिवारीं कोणीतरी गोष्ट मोठ्यानें वाचून दाखविणें हाच त्याचा उपाय, आणि म्हणूनच हा तास आठवड्याचा असला पाहिजे. आपल्याकडे २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात. तो अवश्य पाळावा. परंतु वर्षांतून एकदां जेवून कोणाचें अंग धरत नाहीं. त्यापेक्षां २०२० मध्यें, शाळा बंद असतां, दर आठवड्यास मुलांपर्यंत एक गोष्ट पोंचविणारा 'गोष्टींचा शनिवार' निघाला, ती कल्पना मला अधिक शहाणपणाची वाटते. २०२४ पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठीं 'आनंददायी शनिवार' आला आहे. त्यांतील एक तास कायमचा पुस्तकांच्या नांवें लिहून टाकावा.

वाचनानंतरचे उद्योगहि गमतीचे होते. कोणी गोष्टींतल्या म्हातारीची नक्कल केली, कोणी गोष्टीचा शेवट बदलून सांगितला. पालघर जिल्ह्यांत 'क्वेस्ट' ही संस्था 'गोष्टरंग' ह्या नांवानें नटांकरवीं मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी आश्रमशाळांत रंगवून दाखविते. येथें नट नव्हते, पण हौस कमी नव्हती. पेणच्या बाजूच्या दुसऱ्या एका शाळेंत तर मुलांनीं स्वतःच पुस्तक केलें आहे. गणपतीच्या कारखान्यांत जाऊन, शाडू कशी भिजवितात, सांचा कसा भरतात, डोळ्यांची आखणी सर्वांत कसबी हाताकडे कां देतात, हें कारागिरांस विचारून त्यांनीं एक हस्तलिखित तयार केलें. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. परंतु तें पुस्तक त्या शाळेच्या सुतळीवर सर्वांत जास्त मळलेलें आहे, ह्यांत सर्व आलें.

आतां त्या किल्लीकडे येतों. हेंच कपाट पूर्वीं वर्षानुवर्षें कुलुपांत होतें, असें गुरुजींनीं मोकळेपणानें सांगितलें. कारण विचारतां त्यांनीं जडसंग्रहाची नोंदवही पुढें ठेवली. बाक, फळा, घंटा यांच्याच ओळींत पुस्तकेंहि नोंदलेलीं. तपासणीच्या वेळीं वस्तु भरली नाहीं तर जबाब शिक्षकानें द्यावयाचा. "हरवलेल्या पुस्तकाबद्दल विचारणारे पुष्कळ असतात," गुरुजी म्हणाले, "न वाचलेल्या पुस्तकाबद्दल आजवर मला कोणीं विचारलें नाहीं." मग शहाणा मनुष्य काय करील? कुलूप लावील.

ही भीति जुनी आहे. मध्ययुगीन युरोपांत ग्रंथ सांखळीनें फळीस जखडून ठेवीत. इंग्लंडांतील हेरफर्डच्या चर्चमध्यें तशा सांखळ्या अजून पाहावयास मिळतात. पण एकेक ग्रंथ हातानें लिहिण्यांत महिने जात, तेव्हां त्या सांखळीस कांहीं अर्थ होता. आपल्याकडील ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ मध्यें पांच सूत्रें मांडलीं, त्यांत पहिलेंच सूत्र पुस्तकाच्या वापराचें आहे, जपणुकीचें नाहीं.

आणि हें सांगण्यास लांब जावयास नको. पेण तालुक्यांतल्या गागोदें गांवीं १८९५ सालीं जन्मलेले विनोबा पुढें वडिलांच्या नोकरीमुळें बडोद्यास गेले. तेथें सयाजीराव महाराजांनीं १९१० मध्यें अमेरिकेहून बोर्डेन नांवाचे तज्ज्ञ आणवून गांवोगांवीं ग्रंथालयें उघडण्याचें काम चालविलें होतें. त्या बडोद्याच्या मोठ्या ग्रंथालयांत विनोबा तासन् तास वाचीत बसत. एकदां उन्हाळ्याच्या तलखींत सदरा काढून बसले असतां सभ्यतेच्या प्रश्नावरून तेथील नोकरानें हटकलें व प्रकरण वरच्या साहेबांपर्यंत गेलें. साहेब खुर्चींत, विनोबा उभे. सभ्यतेची तुमची कल्पना काय, असें विचारतां ह्या मुलानें उत्तर दिलें, आपण बसून दुसऱ्यास उभें ठेवणें हें आमच्या देशांत सभ्यपणाचें मानीत नाहींत! साहेब खूष झाले व त्यांनीं खुर्ची दिली, अशी हकीकत विनोबांनींच सांगून ठेवली आहे. ज्या ग्रंथालयांत असला वाचक मोकळेपणानें बसूं शकला, तें ग्रंथालय खरें.

रोह्याचेंहि नांव घ्यावयास हवें. चिंतामणराव देशमुखांचे वडील रोह्यास वकिली करीत, आणि चिंतामणरावांचें बालपणींचें शिक्षण ह्याच भागांत झालें. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले. पुढें रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले, हें सर्वांस ठाऊक आहे. पण १९५७ मध्यें स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचें अध्यक्षपदहि आरंभींच्या वर्षांत त्यांनीं सांभाळलें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. त्या संस्थेचीं स्वस्त, सचित्र बालपुस्तकें आज मराठींतहि मिळतात, आणि त्या पडवींतल्या सुतळीवर तीं मीं पाहिलीं.

कायद्याचें पाठबळहि आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेंत ग्रंथालय, आणि त्यांत गोष्टींचीं पुस्तकेंहि, असावींत असें म्हटलें आहे. शासनाच्या समग्र शिक्षा योजनेंत ग्रंथालयासाठीं प्राथमिक शाळेस वर्षाला पांच हजार रुपयांची तरतूद केली गेली. पांच हजार म्हणजे फार नव्हे, पण लहान शाळेचें एक कपाट तेवढ्यांत हळूहळू भरतें. पैशापेक्षां अडतें तें त्या नोंदवहीपाशीं.

येथें आमच्या वाचकांशीं थोडें स्पष्ट बोलतों. शाळेस पुस्तकें भेट देण्याचा उत्साह आमच्या घरांत पुष्कळ असतो. पण आम्ही देतों काय? जुनीं मार्गदर्शकें, पानें सुटलेले दिवाळी अंक, माळ्यावरच्या पोथ्या. रद्दीवाल्यानें नाकारलेलें तें शाळेस! त्या शाळेंत असा एक आखा गठ्ठा बाईंनीं मला दाखविला आणि शेजारच्या घरीं चहाला नेलें. टीका केली नाहीं, तरी मी ओशाळलों. द्यावयाचें तर आधीं शिक्षकांस विचारावें. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याची वर्षाची वर्गणी एका शाळेसाठीं भरली तरी दर महिन्यास नवें वाचावयास येईल. घरांत निवृत्त आजोबा किंवा आजी असतील तर त्यांनीं जवळच्या शाळेंत शनिवारीं तासभर गोष्ट वाचून दाखवावी. ही देणगी कोणत्याहि पावतीवर मावत नाहीं.

बाईंनीं सांगितलेली एक हकीकत सांगतों. वाडीवरचीं कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामावर बाहेरगांवीं जातात, तीं पाऊस तोंडावर आला कीं परततात. दोन वर्षांपूर्वीं अशा एका कुटुंबांतली तिसरींतली मुलगी जाण्याच्या आदल्या दिवशीं शाळेंत आली आणि दोन पुस्तकें मागूं लागली. गुरुजी घुटमळले. सहा महिने, भट्टीवर, उघड्यावर. पुस्तकें परत येतील हें कशावरून? बाईंनीं तीं दिलीं, आणि नोंदवहींत स्वतःचें नांव घातलें. मृगाचा पाऊस पडला, शाळा उघडली, पहिल्याच दिवशीं मुलगी हजर. एका पुस्तकाचें मुखपृष्ठ गेलेलें, पानांवर विटेची लाल माती. दुसरें आलेंच नाहीं. भट्टीवरच्या दुसऱ्या एका मुलीला तें आवडलें म्हणून दिलें, असें तिनें सांगितलें. तीं दोन्हीं पुस्तकें तिला तोंडपाठ होतीं.

गुरुजींनीं हरवलेल्या पुस्तकाची किंमत, पस्तीस रुपये, आपल्या खिशांतून भरली आणि नोंद मिटविली. त्यानंतर त्यांनीं एक साधी वेगळी वही केली. तींत मुलेंच नांवें लिहितात. फाटलेलें, भिजलेलें, हरवलेलें यांसाठीं एक रकाना आहे आणि त्याचा दंड नाहीं. गांवच्या शाळा व्यवस्थापन समितीनें त्यावर सह्या केल्या आहेत.

मी निघालों तेव्हां चौथींतली ती मुलगी सुतळीवरून पुस्तकें उतरवून मोजीत होती. नऊ पुस्तकें कमी भरलीं. तिनें वही उघडली, नऊ नांवांपुढें 'घरीं' असें लिहिलें, कपाट बंद केलें, आणि किल्ली बाईंना न देतां आपल्या दप्तरांत टाकली. सोमवारीं सकाळीं तिलाच आधीं यावयाचें होतें.