वसईच्या आधी तारापूर

तारापूर म्हटले की आज अणुवीज केंद्र आठवते. गावातला समुद्राकाठचा जुना कोट मात्र पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. वसईच्या मोहिमेत त्या कोटाचे काम मोठे होते.

उत्तर कोकणात पोर्तुगीजांचा अंमल दोनशे वर्षे होता. धर्माच्या बाबतीतल्या जुलमाने रयत गांजली होती. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणे नेले. १७३७ च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी ठाणे घेतले. वसई मात्र हाती येईना. ती येणार कशी? समोर समुद्र, आणि समुद्रावर फिरंग्यांची गलबते! उत्तरेला माहीम, शिरगाव, तारापूर अशी ठाण्यांची ओळ दमणच्या वाटेवर उभी. (हे माहीम म्हणजे आपले केळवे-माहीम, मुंबईचे नव्हे.) ही ओळ मोडल्याशिवाय वसई एकटी पडणार नव्हती. आधीच्या मोहिमेत माहीमवरचा हल्ला फसला, माणसेही पुष्कळ पडली.

म्हणून १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पा स्वतः या बाजूला उतरले. प्रथम माहीम पडले. मग तारापुराला मोर्चे लागले. तोफांनी दगडी तट लवकर ढासळत नाही. तेव्हा उपाय सुरुंगाचा. मोर्चाच्या आडोशाने तटाच्या पायापर्यंत खणत जायचे, पोकळीत दारू ठासायची, तोंड बुजवून बत्ती द्यायची. तोंड नीट बुजले नाही तर स्फोटाचा जोर उलट आपल्याच माणसांवर येतो. आणि वरून गोळ्या चालूच असतात! तारापुरी सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले आणि मराठे आत शिरले. आतले लोकही शर्थीने लढले. अप्पांनीच तसे लिहून ठेवले आहे. शत्रूचे शौर्य मोकळेपणाने लिहिणारा सेनापती मला मोठा वाटतो. या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरोब्यातला हा सरदार. विजयाच्या बातमीबरोबरच त्यांच्या आईकडे ही बातमी गेली.

पुढे अशेरीगडही आला. फेब्रुवारीत सारे बळ वसईभोवती जमले. तिथेही सुरुंगच लागले, आणि मे महिन्यात किल्ल्याने तहाचे निशाण दाखविले. अप्पांनी आतल्या शिबंदीला हत्यारांनिशी, वाजतगाजत बाहेर जाऊ दिले. दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले, ते १९६१ पर्यंत.