रानडुकरासाठी काडतूस कोणते?

धान दुधावर आले की साकोली, लाखनी, पवनीकडच्या बांध्यांत रानडुकरे उतरतात. जागलीला बसलेला शेतकरी मग विचारतो, "साहेब, बंदूक हाये, काडतूस कोणतं घेऊ?"

आधी कागद बघा. पीक संरक्षणाचा बंदूक परवाना वेगळा. डुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनविभागाची लेखी परवानगी वेगळी. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा.

छर्रे जास्त म्हणून बरेच जण बारा बोअरला चार नंबर घेतात. ते पाखरांचे काडतूस. डुकराची कातडी जाड; जखमी होऊन ते धानातच दडते अन् सकाळी गवताला गेलेल्या बायांवर धावते. एलजी घ्या. तेही पंचवीस-तीस पावलांच्या आतच चालवा, पुढे छर्रे पांगतात. एक गोळीचे काडतूस खोल जाते खरे, पण बांधीतल्या पाण्यावरून गोळी उसळते, आणि पलीकडच्या बांधीत कोणीतरी जागलीला असतोच! म्हणून बार मचाणावरून, खाली जमिनीकडेच काढावा.

मेलेले डुक्कर सरकारजमा असते. वाटे घालू नका, वनरक्षकाला कळवा. पिकाच्या नुकसानीचा पंचनामाही लगेच करून घ्या.