पेन ड्राइव्हवरचे विंडोज शिळे तर नाही ना?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला, तेव्हा सुरतच्या रिंग रोडवर दिवाळीची गर्दी होती. त्या आठवड्यात कापड बाजारातल्या कोणत्या शेठला संगणकाकडे बघायला सवड असणार? असली कामे सुरतेत सुट्टीनंतरची. लाभपाचमेला दुकाने उघडली, की दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘भाई, फॉर्मेट मारी आपो ने.’ दुरुस्तीवाला येतो, किल्ल्यांच्या जुडग्यातला पेन ड्राइव्ह काढतो आणि अर्ध्या-पाऊण तासात नवे विंडोज टाकून देतो.

नवे म्हणजे किती नवे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पेन ड्राइव्हवरची प्रत दोन वर्षांपूर्वीची असेल, तर आज टाकलेले विंडोजही दोन वर्षांपूर्वीचेच असते. दरम्यान सापडलेल्या सुरक्षेच्या सगळ्या भोकांसकट ते सुरू होते. मग अपडेट उतरू लागतात, इंटरनेट रडते, संगणक दोन-तीनदा बंद-चालू होतो आणि बिले खोळंबतात. एक संगणक असेल तर हे खपून जाते. वीस-पंचवीस असतील तर तेच काही जीबींचे डाउनलोड तितक्या वेळा होते आणि अख्खा दिवस जातो.

सुरतेत वीस-पंचवीस संगणकांची कार्यालये आता नवलाची नाहीत. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा इथल्या कापड व्यापाऱ्यांनी कडकडीत बंद पाळला, मोर्चे काढले. पुढे ई-वे बिलही आले आणि वहीवर चालणाऱ्या पेढ्यांनाही संगणक घ्यावाच लागला. हिऱ्यांच्या कारखान्यांत तर कच्च्या हिऱ्यातले डाग शोधून तो कसा कापावा हे सुचवणारी यंत्रे विंडोजच्याच आधाराने चालतात. डिसेंबर २०२३मध्ये खजोदला उद्घाटन झालेल्या सुरत डायमंड बोर्समध्ये साडेचार हजारांवर कार्यालयांची सोय आहे. प्रत्येक ठिकाणी एकेका संगणकाला वेगळे ठिगळ लावत बसायचे, की मुळातली प्रतच दुरुस्त करायची? प्रत्येक साडीला रफू करण्यापेक्षा मागावरचा दोष काढलेला बरा, हे सुरतेत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

ही मूळ प्रत नेमकी असते कुठे? विंडोजचा पेन ड्राइव्ह उघडला की ‘सोर्सेस’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यातली ‘इन्स्टॉल.विम’ ही सगळ्यात जाडजूड फाइल म्हणजेच अख्खे विंडोज. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ही पद्धत रूढ केली. त्याआधीच्या एक्सपीत हजारो सुट्या फाइली एकेक करून कॉपी होत. एक्सपीचा काळ आठवणाऱ्यांना २००३चा ब्लास्टर आणि २००४चा सॅसर हे किडेही आठवतील. अपडेट नसलेला संगणक नेटला जोडल्यावर सरासरी वीस मिनिटांत बाधित होतो, असा अंदाज सॅन्स या संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने २००४मध्ये दिला होता. म्हणजे लागण टाळणारे अपडेट उतरवायला नेट जोडावे, तर ते उतरण्याआधीच लागण व्हायची. म्हणून जाणती मंडळी सर्व्हिस पॅक, म्हणजे अपडेटचे एकत्र गाठोडे, आधीच सीडीत मुरवून ठेवत. याला ‘स्लिपस्ट्रीम’ म्हणत आणि ‘एनलाइट’ नावाचे छोटे सॉफ्टवेअर त्यासाठी भारतातल्या दुरुस्तीवाल्यांतही लोकप्रिय होते.

आता हे काम ‘डिसम’ नावाचे साधन करते. विंडोज ७पासून ते विंडोजमध्येच येते, त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. एक रिकामा फोल्डर करायचा आणि डिसमला सांगायचे, की ही विम फाइल यात उघड. काही मिनिटांत त्या फोल्डरमध्ये ‘विंडोज’, ‘युजर्स’, ‘प्रोग्राम फाइल्स’ अशी ओळखीची नावे उभी राहतात. हे विंडोज चालू नसते, पण जागच्या जागी दुरुस्त करता येते. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून उतरवलेले अपडेट त्यात घालायचे, बदल पक्के करायचे आणि फोल्डर बंद करायचा. बस्स, पेन ड्राइव्हवरचे विंडोज ताजे झाले.

सांगायला सोपे असलेले हे काम वेळ खाते ते एका विम फाइलमध्ये अनेक विंडोज असतात म्हणून. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन अशा आवृत्त्या एकाच फाइलमध्ये बसवलेल्या असतात. सारख्या फाइली एकदाच साठवल्यामुळे जागा वाचते, अपडेट मात्र प्रत्येक आवृत्तीला वेगळे द्यावे लागते. सहा आवृत्त्या म्हणजे तेच काम सहा वेळा. आणि पेढीला लागते एकटी प्रो! म्हणून पहिली काटछाट इथेच करावी : हवी ती आवृत्ती वेगळी काढायची आणि तिच्यावरच मेहनत घ्यायची. हे काम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडीवर केले तर वेळ आणखी वाचतो. पण आवृत्ती वेगळी काढण्याएवढी बचत बाकी कोणत्याही युक्तीने होत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. मराठीसारखा भाषेचा पॅक किंवा एखादी जादा सोय घालायची असेल, तर ती आधी घालायची आणि महिन्याचे एकत्रित अपडेट नंतर. उलटे केले तर अपडेट पुन्हा द्यावे लागते. त्यानंतर जुन्या, बदलल्या गेलेल्या फाइली साफ करायच्या. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरना लागणारे डॉटनेट ३.५ साफसफाईच्या आधी चालू केले, तर त्याचे अर्धवट राहिलेले काम आडवे येते आणि साफसफाई अडते. त्यामुळे डॉटनेट शेवटी. सगळे झाल्यावर विम फाइल ‘एक्सपोर्ट’ करून नवी बनवायची, म्हणजे आतला कचरा मागे राहतो आणि आकार आटोक्यात येतो. आकाराला महत्त्व आहे, कारण बऱ्याच पेन ड्राइव्हच्या फॅट३२ मांडणीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मग ती तोडून दोन भागांत ठेवावी लागते.

त्याच पेन ड्राइव्हवर ‘बूट.विम’ ही धाकटी फाइल असते. विंडोज बसवताना पडद्यावर जे चालते ते तिच्यातले. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर विंडोज टाकायला बसले की डिस्कच दिसत नाही आणि नवशिका गडबडून जातो. डिस्क बिघडलेली नसते. इंटेलचा साठवणीचा ड्रायव्हर या फाइलमध्ये नसतो, एवढेच. तो आधीच घालून ठेवला की ग्राहकासमोर घाम पुसायची वेळ येत नाही. तिसरी प्रत, संकटकाळी उपयोगी पडणारी ‘विनआरई’, इन्स्टॉल.विमच्या पोटात लपलेली असते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. जानेवारी २०२४मध्ये याच विनआरईचे एक अपडेट मायक्रोसॉफ्टने पाठवले. रिकव्हरीची जागा तोकडी असलेल्या कितीतरी संगणकांवर ते बसेचना, आणि लोक महिनोन् महिने त्याच एररकडे बघत राहिले.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर न्हावा शेवाने दिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि जगभर पसरला. त्यात मेर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली आणि न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही थांबले. मेर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसला सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० ॲप्लिकेशन पुन्हा बसवावी लागली. इतकी यंत्रे एकेक करून, एकेक अपडेट उतरवत उभी करणे माणसाच्या आवाक्यातले नाही. अशा वेळी तयार, ताजी प्रतच कामी येते. हेही खरे, की नॉटपेट्या पासवर्ड चोरून अपडेट असलेल्या संगणकांतही शिरत होता. अपडेट म्हणजे कवचकुंडले नव्हेत. पण त्याने वापरलेले एक भोक मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये बुजवले होते आणि त्याच भोकातून मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ही आला होता.

मुरवलेली प्रत आंधळेपणाने वापरण्यातही धोका आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४चे अपडेट घालून पेन ड्राइव्ह बनवला आणि त्यावरून विंडोज टाकले, तर तो संगणक पुढची सुरक्षा अपडेट घेईनासा होऊ शकत होता. ज्यांनी आळस करून जुना पेन ड्राइव्ह वापरला आणि नंतर नेटवरून अपडेट घेतले, ते यातून सुटले! डिसेंबरच्या अपडेटसह बनवलेल्या प्रतीत हा दोष नव्हता. म्हणून नवी प्रत आधी एकाच संगणकावर बसवावी, पुढच्या महिन्याचे अपडेट ती घेते का ते पाहावे आणि मगच बाकीच्यांना हात लावावा. मायक्रोसॉफ्टची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. बुधवारी सकाळीच धावायची गरज नाही. छोट्या पेढीला तीन महिन्यांतून एकदा नवी प्रत केली तरी पुष्कळ.

फार जुना पेन ड्राइव्ह तर पुढे सुरूच होणार नाही, अशीही वेळ येऊ शकते. संगणक सुरू होताना सहीची खात्री करणाऱ्या सिक्युअर बूटची २०११ची प्रमाणपत्रे २०२६मध्ये मुदत संपून बाद होत आहेत आणि त्यांच्या जागी २०२३ची येत आहेत. एखाद्या संगणकात जुनी सही नाकारण्याची तजवीज केलेली असेल, तर जुना पेन ड्राइव्ह तिथे सरळ नाकारला जातो.

राहता राहिली नेटवर फुकट मिळणारी ‘हलकी’ आणि ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेली’ विंडोज. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर ती पळतात खरी. पण काहींतून अपडेटला लागणारे घटकांचे कोठारच काढून टाकलेले असते. ‘टायनी११ कोर’ हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. ते प्रयोगासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही, असे त्याचा कर्ताच सांगतो. अनोळखी माणसाने बनवलेल्या ॲक्टिव्हेट केलेल्या प्रतीत आणखी काय घातले आहे, हे तर बघायचीही सोय नसते. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचा पासवर्ड ज्या संगणकावर आहेत, तिथे असली प्रत टाकणे हा शुद्ध मूर्खपणा आहे.

मजुरा गेटजवळच्या आयटीसी इमारतीतला दुकानदार असो, की लिंबायत-उधन्याच्या गल्लीतला ओळखीचा पोरगा, पुढच्या वेळी विंडोज टाकायला दिलेत तर दोन प्रश्न आधी विचारा : प्रत मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच घेतली आहे ना, आणि तिच्यात शेवटचे अपडेट कोणत्या महिन्याचे आहे? दुसऱ्याचे उत्तर जो न अडखळता देईल, त्याला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.