हरियाल आणि पारवा

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात हरियाल नावाचा हिरवट-पिवळा पक्षी राहतो. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. वड, पिंपळ, उंबर यांची फळे तो खातो. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. त्याचा कोणाला त्रास होत नाही.

त्याच्याच कुळातला दुसरा पक्षी म्हणजे कबूतर. हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. रानटी कबुतराला मराठीत पारवा असेही म्हणतात. त्याचे मूळ घर डोंगरकड्यांवर. शहरातील उंच इमारती त्याला कड्यांसारख्याच वाटतात. तेथे तो घरटे करतो. कोणी पुण्य म्हणून, तर कोणी सवाब म्हणून त्याला दाणे टाकतो. आयते अन्न मिळाले की पारवे झपाट्याने वाढतात. मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते आणि वर्षातून अनेकदा घालते.

मग त्रास सुरू होतो. पारव्यांची विष्ठा वाळते व तिची धूळ हवेत मिसळते. ती सतत श्वासावाटे आत गेली, तर काही माणसांना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो.

पारव्यांना हाकलावे कसे? टाळ्या वाजवल्या, फटाके उडवले, तरी ते थोड्या वेळाने परत येतात. कारण दाणे तेथेच असतात. म्हणून लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००३ साली दाणे टाकण्यास बंदी झाली. व्हेनिस शहराच्या प्रसिद्ध चौकात २००८ साली दाणे विकणेही बंद झाले.

मुंबईत ५१ कबुतरखाने होते. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने ते बंद करण्यास महानगरपालिकेला सांगितले. दादरचा जुना कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. अनेकांना वाईट वाटले. मुके पक्षी उपाशी मरतील, असे ते म्हणाले. त्यांनी ताडपत्री काढून टाकली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने लोकांच्या आरोग्याला महत्त्व दिले व बंदी उठवली नाही.

मग दया करूच नये का? जरूर करावी, पण विचारपूर्वक करावी. एकाच जागी पोतेभर दाणे ओतल्याने पक्षी आळशी होतो आणि शेजारी आजारी पडतो. त्यापेक्षा उंबराचे एक रोप लावा. त्याची फळे हरियाल खाईल, बुलबुल खाईल आणि शेजाऱ्यांना सावलीही मिळेल.