जुन्या घरात नवा दिवा

खोलीत नवा दिवा बसवावयाचा म्हणजे दोन तारा जोडावयाच्या आणि दोन स्क्रू आवळावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. दिव्याच्या खोक्यात जो माहितीचा कागद मिळतो, त्याचीही हीच समजूत असते. त्या कागदावरील चित्रात छत सिमेंट-काँक्रीटचे, सपाट आणि कोरे असते. त्यातून तीन रंगांच्या तीन तारा हव्या तेवढ्या लांब बाहेर आलेल्या दिसतात. असे छत ज्याच्या घरी आहे त्याला त्या कागदाची फारशी गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याच्या घरी असे छत नसते. बंगळूर शहरातील बसवनगुडी भागाचे उदाहरण घेतले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल.

मोठ्या नंदीच्या देवळावरून ज्याला नाव मिळाले तो हा भाग १८९८ च्या प्लेगनंतर वसला. जुन्या पेठेतील दाटीवाटीची घरे सोडून लोक मोकळ्या हवेत राहावयास आले. त्या वेळी शहरात वीज नव्हती. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ मध्ये सुरू झाले, आणि तेथील वीज सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून प्रथम गेली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे. बंगळूर शहराचे रस्ते विजेने उजळले ते १९०५ च्या ऑगस्टमध्ये. भारतात वीज आलेले पहिले शहर बंगळूर, असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. परंतु कलकत्त्याला १८९९ पासूनच वीजपुरवठा होत होता, तेव्हा हा मान देताना थोडी सबुरी बाळगलेली बरी. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. येथील सर्वांत जुन्या घरांत घर आधी आले आणि वीज नंतर. छत आणि भिंती यांची रचना ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांसमोर तेलाचा दिवा होता. तो कोनाड्यात ठेवावयाचा, किंवा फार तर साखळीने टांगावयाचा.

या घरांच्या छताला 'मद्रास टेरेस' म्हणतात. देशावरील माळवदाच्या घरात लाकडी कड्यांवर फळ्या किंवा काटक्या घालून वर माती दाबतात, हे आपल्या परिचयाचे आहे. मद्रास टेरेसमध्येही सागवानी कड्या असतात. त्या फूट-दीड फुटाच्या अंतराने टाकलेल्या असतात. मात्र त्यांवर लहान, पातळ विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करून, तिरप्या ओळींत, चुन्याने एकमेकींना चिकटवितात. त्यावर विटांच्या तुकड्यांचा व चुन्याचा थर चोपून बसवितात आणि सर्वांत वर चपट्या फरशा घालतात. असे छत थंड असते आणि नीट राखल्यास शंभर वर्षे टिकते. परंतु त्याची ताकद दाबात आहे, ताणात नाही. विटा एकमेकींना दोन्ही बाजूंनी रेटून धरतात म्हणून ते वर राहते. त्याच विटेला खालून भोक पाडून तीन-चार किलोंचा दिवा लटकाविला, तर ती वीट आणि तिच्याभोवतीचा चुना यांना जे काम कधीच सांगितले नव्हते ते सांगितल्यासारखे होते. विजेच्या गिरमिटाचे पाते आत जाताच तांबडी भुकटी डोक्यावर पडू लागते. काँक्रीटसाठी बनविलेला फुगणारा बोल्ट अशा भोकात आवळत गेल्यास तो घट्ट होण्याऐवजी वीटच फोडतो.

तेव्हा भार घ्यावा तो कडीने. कडी खालून दिसते, ही यातील सोयीची बाजू. पण ती खोलीच्या मधोमध असेलच असे नाही, आणि मधोमध असली तरी तार तेथे आलेली असेलच असे नाही. शिवाय जुने सागवान वर्षानुवर्षे सुकून इतके कठीण झालेले असते की आधी बारीक भोक न पाडता स्क्रू फिरविला तर स्क्रूची मान तुटते आणि अर्धा तुकडा लाकडातच राहतो. हे सर्व काम जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर, घडवंचीवर उभे राहून, मान मागे टाकून आणि दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवून करावयाचे असते. दहा मिनिटांत हात भरून येतात. घाई सुरू होते ती तेव्हापासून.

भिंतीवर दिवा लावून यातून सुटका होईल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु चुन्याचा गिलावा आणि मऊ विटांची भिंत यांतही भोक सरळ राहत नाही; ते बाहेरच्या बाजूस रुंद होऊन नरसाळ्यासारखे होते, आणि त्यात ठोकलेला प्लॅस्टिकचा प्लग स्क्रूबरोबर गरगर फिरू लागतो. गमतीची गोष्ट अशी की या प्लगचा जन्मच दिव्यांच्या जोडणीपायी झाला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे भिंतींची नासधूस न करता बसविण्याचे काम जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराकडे आले, आणि त्याने १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांचा प्लग तयार केला. स्क्रू आत गेला की प्लग फुगावा आणि त्याने भोकाच्या कडांना घट्ट धरावे, ही त्यातील कल्पना. ती उत्तम आहे. मात्र फुगणाऱ्या वस्तूला विरोध करण्याइतकी भिंत कठीण असावी लागते. आपल्याकडील जुने कारागीर वापरीत ती लाकडी गुट्टी अशा भिंतीला अधिक मानवते. पाचरीसारखी तासलेली गुट्टी रुंद बाजू आत ठेवून सिमेंटमध्ये बसवावयाची आणि एक दिवस तिला हात लावावयाचा नाही. हा एक दिवसच आजच्या माणसाला जड जातो.

आता तारांकडे वळू. सर्वांत जुन्या जोडण्यांत तांब्याच्या तारेवर रबराचे आणि त्यावर सुताच्या विणीचे आवरण असे. ती तार लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवून भिंतीवरून व कडीवरून नेलेली असे, आणि तिच्या टोकाला लाकडी गोल ठोकळ्यावर सीलिंग रोझ असे. रबर जुने झाले की ठिसूळ बनते. दिव्याच्या अगदी जवळ, जेथे अनेक वर्षे उष्णता लागली तेथे, तार नुसती वाकविली तरी आवरणाचे कपचे निघतात. मग तेवढा भाग कापून टाकावा लागतो. पुन्हा आवरण सोलताना टोक तुटते. पुन्हा कापावे लागते. प्रत्येक प्रयत्नात तार आखूड होत जाते, आणि अखेरीस ती नव्या दिव्याच्या जोडपट्टीपर्यंत पोहोचत नाही. जुन्या घरात दिवा बसविताना जो खरा वैताग येतो तो या बोटभर तारेचा. नंतरच्या काळात जोडणी झालेल्या घरांत अल्युमिनियमच्या तारा आढळतात. त्यांची निराळी अडचण आहे. हा धातू मऊ असल्याने स्क्रूखाली हळूहळू चेपत जातो, त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, जोड सैल पडतो आणि तापतो. दिवा तर लागतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

रंगांचा घोटाळा याहून गंभीर आहे. आपल्याकडील प्रचलित जोडण्यांत लाल तार फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी. काळी न्यूट्रलची, म्हणजे परतीची. आणि हिरवी अर्थिंगची. तीन फेजचा पुरवठा असेल तेथे तीन फेज लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगाने ओळखतात. परदेशी पद्धतीच्या दिव्यात मात्र फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळी असते. म्हणजे निळा रंग दिव्याच्या खोक्यात निरुपद्रवी आणि भिंतीत २३० व्होल्टचा असू शकतो. निळ्याला निळी जोडावी असा मोह कोणालाही होईल. त्यातून जुन्या सुती आवरणाचा रंग काळाच्या ओघात एकसारखा मातकट झालेला असतो. तेथे रंगावर विसंबण्यात अर्थ नाही, मोजूनच पाहिले पाहिजे.

होल्डरच्या बाबतीतही दोन घराणी आहेत. इंग्रजी राजवटीबरोबर आलेला, दोन खिट्यांचा, दाबून फिरवावयाचा २२ मिलिमीटरचा होल्डर आपल्या घरांत रूढ झाला. शोभेच्या दिव्यांत मात्र एडिसनचा २७ मिलिमीटरचा आट्यांचा होल्डर येतो. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज तळाच्या मधल्या बिंदूला आणि न्यूट्रल आट्यांना जोडलीच पाहिजे. उलट जोडल्यास दिवा तितकाच छान लागतो. फक्त बल्ब बदलताना बोटे ज्या धातूला लागतात तो जिवंत असतो.

येथे बटणाचा प्रश्न येतो. बटण फेजच्या तारेत असावे, हा नियम. पण पूर्वी कोणी घाईत ते न्यूट्रलमध्ये बसविले असेल, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो आणि होल्डरपर्यंत वीज तशीच पोहोचलेली असते. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असे समजून हात घालणाऱ्याचा जीव अशा ठिकाणी धोक्यात येतो. किटकॅट फ्यूज काढून ठेवणे हाही जुन्या घरात पुरेसा उपाय नव्हे. पूर्वी फेज आणि न्यूट्रल या दोहोंवरही फ्यूज बसवीत असत, आणि काढलेला फ्यूज नेमका न्यूट्रलचा निघू शकतो. म्हणून मुख्य बटण बंद करावे. मग टेस्टर आधी चालू असलेल्या एखाद्या जागी लावून तो ठीक आहे याची खात्री करावी, आणि त्यानंतरच तो दिव्याच्या तारांना लावावा. टेस्टर उजळला नाही याचा अर्थ तो बिघडला आहे असाही होऊ शकतो. अलीकडे एलईडी दिव्यांनी नकळत एक उपकार केला आहे. बटण बंद असूनही रात्री असा दिवा मंद मिणमिणत राहिला, तर बटण न्यूट्रलमध्ये असण्याची शक्यता तपासून घ्यावी. जुना तंतूचा बल्ब इतक्या अल्प प्रवाहाने तापतच नसे, म्हणून ही खूण पूर्वी कोणाला दिसली नाही. अर्थात मिणमिणण्याला दुसरी कारणेही असतात. लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या तारांमुळे किंवा बटणातील छोट्या दर्शक दिव्यामुळेही तसे घडते.

इतके सगळे घरधन्याने स्वतः करावे काय? १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने याची रेषा आखली होती. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांची साधी अदलाबदल, जिने जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नाही, ती परवान्याशिवाय चाले. त्यापलीकडचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घेतले पाहिजे. २०१० मध्ये आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमावलीनेही हा भेद कायम ठेवला. रेषा स्पष्ट आहे, पण जुन्या घरात ती केव्हा ओलांडली गेली ते कळत नाही. दिवा बदलणे ही अदलाबदल. आखूड पडलेली तार नव्याने ओढणे ही मात्र जोडणीतील फेरफार. धातूच्या दिव्याला अर्थिंग हवे, आणि जुन्या जोडणीत दिव्यापर्यंत अर्थिंगची तार आणलेलीच नसते. ती आणावयाची म्हणजे मीटरपाशी असलेल्या फळ्यापासून काम निघाले. अशा वेळी वायरमनला बोलवावे हे उत्तम. परंतु त्याला काय विचारावयाचे हे आपल्याला ठाऊक असावे: बटण कोणत्या तारेत आहे, अर्थिंग कोठवर आले आहे, आणि ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारे उपकरण फळ्यावर आहे की नाही.

दिवा बसल्यानंतर एक किरकोळ गोष्ट उरते. सीलिंग रोझखालचा जुना लाकडी ठोकळा निघतो तेव्हा त्याच्या जागी तळहाताएवढे वर्तुळ उघडे पडते. भोवतालच्या छतावर चुन्याचे अनेक हात बसलेले असतात, आणि या वर्तुळात मात्र पहिल्या हाताचा रंग दिसतो. नव्या दिव्याची तबकडी बहुधा त्याहून लहान असते. तो ठोकळा टाकून न देता साफ करून, पुन्हा कडीवर बसवून, नवा दिवा त्यावरच लावणारे कारागीर बसवनगुडीत अजून भेटतात.